पेंडसेकाकूंचे अहो

आमच्या गल्लीत कुणी 'अहो' अशी हाक मारली की दोघं वळून बघतात. एक माझा नवरा मंदार आणि दुसरा पेंडसेकाकूंचा कुत्रा. त्यातला कुत्रा लगेच येतो.

मी स्वतः मंदारला मंदारच म्हणते. पण लग्न झालेल्या मराठी पुरुषाची मान त्या हाकेला आपोआप वळते, त्याला इलाज नाही. जर्मनीत ड्रेस्डेनच्या वर, डोंगरातल्या या एवढ्याशा गावात मराठी घरं दोनच, आमचं आणि शेजारचं पेंडशांचं. पण काकू दिवसभर हाका मारतात. बर्फ बाकी सगळे आवाज गिळतो, काकूंचा गिळत नाही.

परवा मंदार दारातला बर्फ फावड्याने काढत होता. शेजारून आवाज आला, "अहो! तिथे शू करू नका म्हटलं ना!" मंदार दचकून ताठ उभा राहिला. घरात आल्यावर मला म्हणाला, "मी काही करत नव्हतो गं."

कुत्रा डाकेल, म्हणजे डॅशहुंड जातीचा. अंगाने लांबलचक, पायाने आखूड, चेहऱ्यावर कायम काहीतरी विसरल्याचा भाव. कागदोपत्री नाव ओटो. पेंडसेकाका इथल्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि लगेच त्याला प्राण्यांच्या आश्रमातून घेऊन आले. काकूंनी दारातच सांगितलं, "या घरात एक तर हा राहील, नाहीतर मी." काकांनी विचार करायला थोडा वेळ मागितला. ते काकू अजून विसरलेल्या नाहीत.

काका त्याला हळू आवाजात 'ओटो' म्हणायचे, तेही आठवण झाली तर. काकू मात्र उठता-बसता काकांना हाक मारायच्या. अहो, चहा झाला. अहो, पानं घेतली. अहो, थालीपीठ गार होतंय. या हाकेपाठोपाठ काहीतरी खायला येतं, हे ओटोच्या लक्षात आलं आणि थोड्याच दिवसांत तो काकांच्या आधी पोचायला लागला. "माझं म्हणून एक 'अहो' होतं, तेही यानं घेतलं," काका म्हणायचे.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. मुलगा बंगलोरहून आला, आईला पुण्याच्या घरी न्यायचं म्हणून तिकीटही काढून. काकू म्हणाल्या, "मी कशी येऊ? अहोंना विमान सोसायचं नाही." बिचारा आईकडे बघतच राहिला. सोफ्याखालून ओटो बाहेर आला तेव्हा कुठे त्याला उलगडा झाला.

तेव्हापासून या दोघांचा संसार चालू आहे. बर्फ साचला की डाकेलचं पोट जमिनीला टेकतं, म्हणून काकू सकाळी आधी अंगणात त्याच्या मापाची वाट काढतात, स्वतःची नंतर. त्याच्या अंगात लाल स्वेटर असतो. काकांच्या स्वेटरची एक बाही कापली, ती त्याला बेतल्यासारखी बसली. पुण्याहून आलेलं खोबरेल हीटरवर ठेवून पातळ करायचं आणि त्याच्या पंजांना चोळायचं, हा रोजचा कार्यक्रम. रस्त्यावर टाकलेलं मीठ पंजांना झोंबतं. त्यामुळे पलीकडचे हेर क्राउझे मिठाची बादली घेऊन बाहेर पडले की काकूंची खिडकी उघडते. "हेर क्राउझे! झाल्त्स नाइन! अहो बारफुस!" मीठ नको, अहो अनवाणी आहेत, असं त्यांना म्हणायचं असतं.

फिरायला निघताना सूचना चालूच. "कान झाका. सर्दी झाली तर माझ्याकडे येऊ नका." "त्या पूडलकडे काय बघताय? वय काय आपलं?"

मंदारने एकदा धीर करून सुचवलं, "काकू, त्याला ओटोच म्हणा ना. नाव आहे ते त्याचं."

"गेनाऊ," काकू म्हणाल्या. गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. समोरच्याचं अजिबात ऐकायचं नसलं की काकू हा शब्द वापरतात. "गेनाऊ. अहो, चला, उशीर होतोय." मंदार दोन पावलं चाललासुद्धा.

या जानेवारीत एका दुपारी काकूंच्या छपरावरचा बर्फाचा थर धाडकन खाली आला. ओटो अंगणात होता आणि फाटक उघडं. घाबरून तो जो सुटला तो मागच्या रानाच्या दिशेने. वरून बर्फ पडतच होता, पावलांचे ठसे बघता बघता बुजले. जानेवारीत इथे चहाच्या वेळेला अंधार पडतो. एवढासा जीव रात्रभर बाहेर राहिला असता तर सकाळी हाती लागला नसता.

मी घाईघाईत ड्रेस्डेनच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, "पेंडसेकाकूंचे अहो हरवलेत. जवळ असाल तर शोधायला या." ग्रुपवर नव्याने आलेल्या एका बाईंनी विचारलं, "अरे बापरे! वय काय?" आठ, मी लिहिलं. "अंगात काय होतं?" लाल स्वेटर. "आणि?" आणि काही नाही. त्यावर त्यांनी पोलिसांचा नंबर पाठवला.

हेर क्राउझे टॉर्च घेऊन धावत आले. कुत्र्याला हाक काय मारायची, ओटो की अहो, ते विचारलं. "अहो," मंदार म्हणाला. मग सगळं रान दुमदुमलं. एकीकडून क्राउझेंचं जाडंभरडं "आऽहो!", दुसरीकडून मंदारचं. मीही आयुष्यात पहिल्यांदा मोकळ्या गळ्याने 'अहो' म्हणून ओरडले. झाडामागून मंदार म्हणाला, "मला कधी म्हणाली नाहीस." पण कुत्र्याचा पत्ता नव्हता.

मी परत फिरले तर काकू फाटकाशी उभ्या होत्या. गप्प. काकूंना गप्प मी काका गेले तेव्हाच पाहिलं होतं.

"काकू, तुम्ही हाक मारा ना. तो तुमच्याच आवाजाला येतो."

"नको."

"अहो, पण का?"

"मारली आणि नाही आला तर?"

मी त्यांच्याजवळ गेले. मग त्याच म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळी चहा झाला म्हणून मी अशीच हाक मारली होती. परत परत मारली. हे उठले नाहीत. हा आला. मग रोजच येत राहिला. आता यानेही ओ दिली नाही, तर मी हाक कुणाला मारू गं?"

मला रडू फुटलं. मी त्यांचा हात धरून नुसती उभी राहिले. हाताला खोबरेलाचा वास येत होता. काकूंनी डोळे पुसले, कोटाची चेन वर ओढली आणि नेहमीच्या आवाजात नाही, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जेमतेम पोचेल इतक्या हळू म्हणाल्या,

"अहो, चहा झाला."

फाटकाशेजारच्या, क्राउझेंच्या लाकडांच्या ढिगाखालून आधी एक नाक आलं, मग लाल बाही, आणि मग बराच वेळ उरलेला कुत्रा येत राहिला. आम्ही रान पालथं घालत होतो आणि हे महाशय हाकेच्या अंतरावर बसले होते.

काकूंनी त्याला उचलून घरात नेलं, हीटरजवळ बसवलं आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. "कान बघा कसे गार पडलेत! मीठ तुडवलंत ना? झाल्त्स?" दारात उभ्या हेर क्राउझेंनी मान खाली घातली. काकू खाली बसल्या, त्याचा एकेक पंजा ओढणीच्या टोकाने पुसायला लागल्या आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"अहो, हाक मारल्यावर लगेच ओ देत जा हो. जीव जातो माझा."

मंदार या वेळी वळला नाही. तो खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसला. ती सुटली नव्हती.