रिकाम्या कुपीची तपासणी

"पार्सल? मी घेतो ना! तू निर्धास्त जा!" असं नातीला सांगताना भीमरावांनी चक्क छाती पुढे काढली. एरवी दूधवाल्याशी बोलतानाही त्यांचा आवाज चाचरायचा. पण माल उतरवून घेणं हा त्यांचा प्रांत! अंबरनाथच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते ते. माल उघडून पाहिल्याशिवाय त्यांनी कधी कशावर सही केली नव्हती.

मैत्रेयीची प्रयोगशाळा शनिवारी बंद, म्हणून पार्सल बदलापूरच्या घरी येणार होतं. "जखम झाली की पांढऱ्या पेशींना 'इकडे या' म्हणून हाक मारणारं प्रथिन आहे, आजोबा. माणसाचंच, पण जिवाणूंकडून बनवून घेतलेलं. सोमवारी प्रयोग आहे, त्यावर माझी पीएचडी अडलीय. फक्त फ्रीजरमध्ये ठेवा!"

पार्सल आलं. थर्माकोलचं भलंमोठं खोकं, आत बर्फाच्या पिशव्या आणि त्यांच्या मधोमध करंगळीच्या पेराएवढी कुपी. भीमरावांनी चष्मा पुसून ती उजेडात धरली.

रिकामी!

शेजारचा हिरामण दारातच होता. "दादा, यात तं कायच नाय! फसवलं तुमाला! माझ्या मेव्हण्यानं मोबाइल मागवला, साबणाची वडी आली!"

"तरी पण... नीट पाहायला हवं," भीमराव पुटपुटले.

"मंग उघडा! मी व्हिडिओ काढतो. पुरावा पायजे!"

हिरामणच्या आवाजाने सगळा मजला गोळा झाला. त्या प्रथिनाने पेशीसुद्धा इतक्या झटपट जमवल्या नसत्या! बनूबाई मागून ओरडल्या, "पाणी टाकून बघा ना भाऊ! पावडर असंल तर विरघळंल!"

भीमरावांनी कुपीत पाणी भरलं, खळखळ हलवलं आणि सर्वांसमक्ष मनी प्लांटच्या कुंडीत ओतलं. पाणी स्वच्छ! टाळ्या पडल्या. लगेच त्यांनी फोन लावला.

"मैत्रेयी, कंपनीने तुला रिकामी कुपी पाठवली! मी पकडलं!"

"आजोबा, ती रिकामीच दिसते! प्रथिन वाळवलेलं असतं, थर डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. तुम्ही उघडली नाहीत ना?"

भीमरावांनी कुंडीकडे पाहिलं.

"आजोबा?"

"थोडीशी."

"थोडीशी म्हणजे?"

"धुतली."

पलीकडून फोन कट झाला. इकडे मजला असा रिकामा झाला की चपलासुद्धा दिसेनात. "व्हिडिओ उडवतो हां दादा," म्हणत हिरामणही सटकला.

सोमवारचा प्रयोग गेला. मैत्रेयी ओरडली असती तर भीमरावांना दोन घास तरी गेले असते! पीएचडीच्या सरांना तिने सांगितलं, "माझ्या हातून सांडलं." हे कळल्यावर तर ते नातीसमोर जेवायलाच बसेनात.

सरांनी कपाळाला हात लावून दुसरी कुपी मागवली. तीही शनिवारीच आली. बेल वाजली, भीमरावांनी दार उघडलं. कुरिअरवाल्याने त्यांच्या पांढऱ्या केसांवरून नजर थेट घरात टाकली.

"काका, घरात कोण मोठं माणूस आहे का? मॅडमनी सांगितलंय, मोठ्या माणसाच्याच हातात द्यायचं."

भीमरावांनी हात मागे घेतले.

"नाही," ते म्हणाले. "संध्याकाळी या."