खुडूक ग्लॅडिस आणि बक्षिसाची गोधडी

घर चालवायला अक्कल लागते, बायको लागत नाही, असं लेस्टरचं ठाम मत होतं आणि ते त्यानं सबंध मुलखाला ऐकवलं होतं. मुलूख म्हणजे नदीकाठच्या बावीस वस्त्या. एका वस्तीपासून दुसरी चाळीस-पन्नास किलोमीटर; मध्ये एरवी लाल माती, सध्या पाणी. पाऊस पडला होता तिकडे वर उत्तरेला, महिन्यापूर्वी. इथे आभाळात ढगाचा ठिपका नाही, तरी लेस्टरचं घर बेट होऊन बसलेलं. बायको मेव्हिस दात काढायला म्हणून गावात बहिणीकडे गेली, ती तिकडेच अडकली. आज एकोणिसावा दिवस.

रोज सकाळी सातला रेडिओवर सगळ्यांची हजेरी व्हायची. माईकचं बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. एक बोलत असला की बाकीचे एकवीस निमूट कान देऊन बसतात, कारण दुसऱ्याला मध्ये शिरताच येत नाही.

"लेस्टर, कसं चाललंय?" मेव्हिसनं गावातून विचारलं.

"झक्कास. घर आरशासारखं ठेवलंय."

"आणि माझी गोधडी?"

"कपाटात. कोरडी ठणठणीत."

गोधडी साधीसुधी नव्हे. मेव्हिसनं चार हिवाळे खपून शिवलेली, जिल्ह्याच्या जत्रेत पहिलं बक्षीस मिळवलेली. जाताना ती बजावून गेली होती, "घर बुडालं तरी चालेल, गोधडी सांभाळ."

आता खरं काय ते सांगतो. खुराड्यात पाणी शिरल्यापासून अकरा कोंबड्या स्वयंपाकघरात नांदत होत्या. त्यांतली ग्लॅडिस खुडूक होऊन टेबलावरच्या टोपलीत बारा अंडी उबवत बसली होती, आणि तिच्याखाली गोधडी. लेस्टरला घरात दुसरं मऊ काही सापडलंच नाही. हजेरी संपल्यावर त्यानं माईक टोपलीच्या कडेवर टाकला, तो घसरला आत. ग्लॅडिसनं त्याला तेरावं अंडं समजून चोचीनं पोटाखाली ओढलं आणि बटणावर ऐसपैस बूड टेकलं. लेस्टरची पाठ होती, त्याला काही दिसलं नाही.

एकोणीस दिवस एकटा राहिलेला माणूस कुत्र्याशी बोलतो. लेस्टरच्या कुत्र्याचं नाव सार्जंट.

"ऐक सार्जंट, ताटली धुवायची नसेल तर सरळ डब्यातून खायचं. बायकांना एवढंसुद्धा सुचत नाही." मग त्यानं एक गाणं म्हटलं, सगळी कडवी. मग गाडी शेजारच्या हॅनिगनवर आली. "त्याच्या बायकोचा तो केक आठवतो? खिशात घालून आणला आणि फाटकाखाली ठोकला. एवढा पूर आला, फाटक तसूभर हललं नाही." मग ग्लॅडिसची पाळी. "बस बाई, बस. पहिल्या बक्षिसावर शिटणारी या मुलखातली तू पहिलीच. मेव्हिसला कळलं तर ती मला पुरात ढकलून देईल."

दुपारी त्यानं चहाचे दोन कप काढले आणि एक परत फळीवर ठेवला.

"खरं सांगू का, सार्जंट? घर खायला उठतं रे. रोज हात दोन कपांकडेच जातो. छत्तीस वर्षांत तिला कधी म्हटलं नाही, पण ती नसली की इथे कुणाकडे तरी पाहुणा आल्यासारखं वाटतं."

अडीचच्या सुमाराला घरामागच्या उंचवट्यावर हेलिकॉप्टर उतरलं. अडकलेल्या गुरांना वैरण टाकत फिरणारी कर्स्टी गुडघाभर पाणी तुडवत आत आली.

"काय गं, कुणी गेलं का?" लेस्टरनं घाबरून विचारलं.

"लेस्टरकाका, माईक कुठेय?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं, तारेचा माग काढत टोपलीपाशी गेली आणि ग्लॅडिसला उचललं. ग्लॅडिसनं तिला कडकडून चोच मारली.

"सकाळी सातपासून तुम्ही बोलताय. सगळा मुलूख ऐकतोय. वैरण कुठे टाकायची हे विचारायलासुद्धा मला फट मिळेना."

लेस्टर मटकन खुर्चीत बसला. "सगळं ऐकलं?"

"गाणंसुद्धा."

बटण सुटलं होतं, तेव्हा रेडिओ खरखरला. पहिला नंबर हॅनिगनचा. "लेस्टर, पाणी ओसरू दे. तुझं फाटक बघायला आम्ही दोघं येतोय."

मग मेव्हिस.

"गोधडी कोरडी ठणठणीत आहे ना रे?"

"खालच्या बाजूनं आहे," लेस्टर म्हणाला.

"असू दे. धुता येईल." तिचा आवाज जरा घोगरा येत होता; दात काढल्यामुळेही असेल. "ते शेवटचं म्हणालास ना, दोन कपांचं, ते परत म्हण. मला म्हण, कुत्र्याला नको."

लेस्टरनं माईक तोंडाशी धरला, बटण दाबलं, आणि सकाळपासून अखंड चाललेलं तोंड बंद पडलं. शेवटी त्यानं माईक टोपलीत ठेवला, ग्लॅडिसला अलगद त्यावर बसवलं, सार्जंटला पुढ्यात घेतलं आणि घसा खाकरला. कपांचं सांगितलं. तिच्या बाजूची उशी अजून हलवली नाही, हे सांगितलं. "तिला म्हणावं, मला काही येत नाही. लवकर ये," इतकं बोलून त्यानं बाहीनं डोळे पुसले. कर्स्टीनंही पुसले.

"लेस्टर," रेडिओतून मेव्हिस म्हणाली, "बोलतोयस की झोपलास?"

त्यानं वळून पाहिलं. माईक टोपलीत एकटाच पडला होता. सकाळपासून बसून अंग आंबलेली ग्लॅडिस केव्हाच खाली उतरून दाणे टिपत होती.

कर्स्टीनं माईक उचलला. "बोलले हो काकू, सगळं बोलले. मी साक्षीला आहे."

"साक्ष नको मला. उद्या मला वैरणीच्या गठ्ठ्यांवर बसवून तिकडे ने. समोर बसूनच ऐकते."

लेस्टरनं घरावरून एक नजर फिरवली. अकरा कोंबड्या, एकोणीस दिवसांचे रिकामे डबे आणि ती गोधडी. त्यानं कर्स्टीच्या हातातून माईक हिसकावून घेतला. आता कोंबडीची गरज पडली नाही.

"मेव्हिस," तो म्हणाला, "परवा ये."