न हलणारा काटा

माणसाने दुसऱ्याच्या बायकोकडे बघू नये, हे सगळेच सांगतात. पण दुसऱ्याच्या डायलकडे बघू नये, हे रंगनाथला कोणी सांगितलं नव्हतं. तिथेच घात झाला.

डायल म्हणजे काय, ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा टेलिफोनबद्दल बोलतोय. मनगटी घड्याळापेक्षा जरा मोठी गोल डबी असते. तिला खालून एक दांडी. ती दांडी केसभर जरी आत सरकली, तरी वरचा काटा टुणकन पुढे जातो. लेथवर (लोखंड फिरवून कापायच्या यंत्रावर) धरलेला जॉब, म्हणजे लोखंडाचा तुकडा, नीट गोल फिरतोय की लंगडत फिरतोय, हे आपल्या डोळ्यांना दिसत नाही. डायलला दिसतं. एका इंचाचे हजार तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्याला लेथवरचे कारागीर, म्हणजे टर्नर लोक, ‘थाऊ’ म्हणतात, आणि डायल त्या थाऊतच बोलतो.

तर बहात्तर सालच्या जानेवारीत नगरच्या एका कारखान्यात (नाव सांगत नाही, तिथले बरेच जण अजून ओळख देतात) असा डायल फक्त एकाकडे होता. नियाजकडे. आणि नियाजचा लेथ नेमका रंगनाथच्या लेथशेजारी. नियाजच्या मामाने तो स्विस बनावटीचा डायल कुठूनसा आणून दिला होता. लाल मखमलीची पेटी. पेटीत पिवळं फडकं. फडक्यात डायल. नियाज रोज सकाळी पेटी उघडायचा, डायल बाहेर काढायचा, त्यावर हळूच फुंकर घालायचा आणि मग कामाला लागायचा. इकडे रंगनाथ जबडा आवळून, डोळे बारीक करून बघत राहायचा. दोन वर्षं! रोज! अहो, स्वतःच्या लग्नात त्याने नवरीकडे इतकं टक लावून बघितलं नव्हतं.

बरं, नियाज माणूस वाईट असता तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. तो पडला सज्जन. डबा उघडला की पहिला घास रंगनाथला. त्यामुळे रंगनाथची फार कोंडी व्हायची. खुर्शीदभाभीच्या हातचा खिमा खायचा आणि वर तिच्या नवऱ्यावर जळायचं, हे दोन्ही एका तोंडाने करणं सोपं नाही.

एके दिवशी फोरमन सहादेवराव म्हणाले, “टूलरूममध्ये एक जागा निघालीय. पुढच्या सोमवारी सकाळी परीक्षा. चार जबड्यांच्या चकात जॉब धरायचा न् सेंटरला आणायचा. ज्याचा लवकर आन् बिनचूक येईल, तो टूलरूमला. हत्यार ज्याचं त्यानं आणायचं.”

चक म्हणजे लेथवर जॉब पकडणारा लोखंडी पंजा, आणि सेंटरला आणायचा म्हणजे जबडे सैल-घट्ट करून जॉबचं लंगडणं थांबवायचं. टूलरूम म्हणजे टर्नरचा स्वर्ग. पंखा, स्टूल, स्वच्छ डगला, आणि ‘ए रंग्या’ म्हणणारी माणसं ‘रंगनाथराव’ म्हणायला लागतात. तिसगावहून शहरात आल्यापासून रंगनाथच्या मनात ही एकच इच्छा होती.

नियाज म्हणाला, “तुला डायल पायजे असंल तर माझाच घे ना, रंगा. तुझ्या टायमाला तू वापर, माझ्या टायमाला मी.”

झालं! हाच तो क्षण. ‘बरं’ एवढं म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मी तुमचा वेळ घेतला नसता. पण रंगनाथ छाती काढून म्हणाला, “माझा येतोय.”

“आसं? कुठून?”

“येतोय,” रंगनाथ म्हणाला. (कुठून ते त्यालाही ठाऊक नव्हतं.)

सुट्टी होताच त्याने मंगलगेटला पीरमहंमद भंगारवाल्याचं दुकान गाठलं. मिलिटरीच्या लिलावातला माल पीरमहंमद उचलायचा. तुटके स्टोव्ह, बूट, हेल्मेटं, आणि त्या ढिगाच्या तळाशी एक डायल! काच पिवळी पडलेली, काटा वाकडा, दांडी जाम. पण डायलच.

“पैसे नकोत,” पीरमहंमद म्हणाला. त्याची नजर रंगनाथच्या मनगटावर होती. “हातातलं घड्याळ द्या न् घेऊन जा.”

ते घड्याळ सासऱ्यांनी (बायको त्यांना ‘दादा’ म्हणायची) लग्नात दिलेलं. राहात्याच्या मांडवात, चारशे माणसांसमोर. रंगनाथने एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा डायलकडे, मग डोळे मिटून नियाजची मखमली पेटी बघितली आणि पट्टा सोडला.

घरी आल्यावर बायकोचं, रतनबाईचं, लक्ष पहिलं मनगटाकडेच गेलं. बायकांना हे कसं कळतं, देव जाणे.

“अहो, घड्याळ कुटं हाय?”

“हे काय,” म्हणून रंगनाथने घाबरून खिशातून डायल काढला. खोटं बोलायला वेळच मिळाला नाही.

रतनबाईने तो उजेडात धरला. “ह्याला तर येकच काटा हाय! आन् आकडं शंभरापातुर! शंभर वाजता जेवायला येनार का तुमी?”

“अगं, हे घड्याळ नाही. हे मोजायचं यंत्र आहे.”

“आन् माझ्या दादांनी दिल्यालं?”

मग सगळं सांगावं लागलं. टूलरूम, परीक्षा, नियाज, मखमल. ऐकता ऐकता रतनबाईचा राग भलतीकडेच वळला. कारण गेल्याच आठवड्यात नळावर खुर्शीद सहज म्हणाली होती, ‘आमचे टूलरूमला लागतील बहुतेक.’ ते ‘बहुतेक’ रतनबाईला फार लागलं होतं.

“मंग दुरुस्त करा त्याला,” ती म्हणाली. “टूलरूमला लागलात तर दादांना घड्याळाचं कळू देत न्हाई. न्हाई लागलात तर माझं मीच कार्ड टाकीन राहात्याला.”

रविवारी सकाळपासून दुरुस्ती सुरू झाली. अंगणात पाट मांडला, शेजारच्या सोनाराचा चिमटा आणला, ओळखीच्या गॅरेजमधून बाटलीभर पेट्रोल आणलं. रंगनाथने मागचं झाकण उघडलं. आत गव्हाच्या दाण्याएवढी चाकं, केसासारखी स्प्रिंग, आणि सगळ्यावर जुनं तेल वाळून चिकटून बसलेलं. कुणीतरी शहाण्याने यात तेल घातलं होतं, म्हणूनच तो बंद पडला होता.

“काय तरी येडी मानसं!” रंगनाथ म्हणाला, आणि चाकं पेट्रोलमध्ये बुचकळली.

एक स्क्रू उडाला तो थेट बाजरीच्या पिठात. परातभर पीठ नवराबायकोने दोनदा चाळलं, तेव्हा सापडला. काच उजळायला घरातलं दंतमंजन सगळं संपलं. वाकडा काटा रतनबाईने स्वतः, जीभ दातात धरून, बोटाच्या नखाने सरळ केला. दुपारी दोन वाजता सगळं जोडून झालं. रंगनाथने दांडी दाबली. काटा फिरला! सोडली. परत आला! पण येताना जरासा कुरकुरला.

“तेल घाला की थेंबभर,” रतनबाई म्हणाली. “शिलाई मशीनला घालत्यात तसं.”

“नियाज म्हणतो, डायलला तेल कधी लावायचं नाही. कोरडाच ठेवायचा.”

रतनबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “नियाज म्हनतो! परीक्षा कुनाची हाय, तुमची ना? मंग त्यो तुमाला खरं कशाला सांगंल?”

रंगनाथच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खरंच की! दोन वर्षं खिमा खाऊ घालून या माणसाने आपल्याला गाफील ठेवलं! त्याचा डायल सुळसुळ चालतो तो काय कोरडाच? चोरून लावत असणार. नक्की लावत असणार. आता त्या डायलच्या पोटात वाळलेलं तेल दोन तासांपूर्वी स्वतःच्या हाताने खरवडलं होतं, हे त्याला आठवायला हवं होतं. पण जळणाऱ्या माणसाला असलं काही आठवत नाही, असा माझा अनुभव आहे.

मशीनचं तेल घरात नव्हतं. खोबरेल होतं. थंडीने थिजलं होतं म्हणून रतनबाईने बाटली सकाळीच उन्हात ठेवली होती, ती आता छान पातळ झाली होती. तिने काडीने एक थेंब घातला. रंगनाथने वर दोन घातले. काटा असा सुळसुळ पळायला लागला की रंगनाथला हसू आवरेना. संध्याकाळपर्यंत तो आल्यागेल्याला दाबून दाखवत होता.

सोमवारी सकाळी सात वाजता नगरात काय थंडी असते, ते तुम्हाला सांगायला नको. कारखान्याचे पत्रे बर्फासारखे गार. माणसं हातावर फुंकर घालत गोळा झाली. पहिला नंबर रंगनाथचा.

त्याने डायल स्टँडवर लावला. (फडकं त्याने पिवळंच घेतलं होतं, रतनबाईच्या जुन्या चोळीचं.) दांडी जॉबला टेकवली. हाताने चक फिरवला. काटा जरा पुढे गेला. रंगनाथने एक जबडा सैल केला, समोरचा आवळला. परत फिरवला. काटा जागचा हलेना! आणखी एक फेरा. काटा गप्प. आणखी एक. काटा देवळातल्या मूर्तीसारखा स्थिर!

“झालं, साहेब!” रंगनाथ ओरडला.

सहादेवरावांनी घड्याळात बघितलं. “येवढ्यात?”

“बघा की. एक थाऊसुद्धा नाही!”

सहादेवराव वाकले. चक फिरवला. काटा हलेना. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा फिरवला. काटा हलेना. मागे कुजबुज सुरू झाली. कोणीतरी ‘वा!’ म्हणालं. रंगनाथने तिरक्या डोळ्याने नियाजकडे बघितलं आणि त्याला आयुष्यात प्रथमच त्या माणसाची कीव आली. बिचारा! भाभीला आता काय तोंड दाखवेल?

“जरा पातळ कट घेऊन बघू,” सहादेवराव म्हणाले आणि त्यांनी मशीन सुरू केलं.

टक्. टक्. टक्. टक्.

हा आवाज टर्नरच्या पोरालाही कळतो. जॉब नीट गोल फिरत असेल तर हत्यार सरळ ‘सर्र’ कापत जातं. टकटक वाजतं म्हणजे जॉब एकाच अंगाने हत्याराला लागतोय. सहादेवरावांनी मशीन थांबवलं. जॉब एका बाजूने चकाचक झाला होता, दुसऱ्या बाजूने जसाच्या तसा काळा.

नियाजने आपला डायल लावला आणि चक फिरवला. काटा पळाला. बावीस थाऊ.

मग त्याने रंगनाथचा डायल उचलला, दांडी दाबली. दांडी आत गेली ती गेलीच. बाहेर यायचं नाव नाही. नियाजने नाकाजवळ नेऊन वास घेतला.

“रंगा, खोबरेल?”

अख्खी शेड हसली. गारठ्यात खोबरेल थिजून पांढरं झालं होतं, दांडी त्यात रुतून बसली होती आणि काट्याला हलायची सोयच उरली नव्हती.

टूलरूम नियाजला मिळाली. काय करणार! पण त्या भल्या माणसाने जेवणाच्या सुट्टीत रंगनाथचा डायल उघडला, पेट्रोलने धुतला, फडक्याने कोरडा केला. काटा असा फिरायला लागला की नियाज म्हणाला, “भारी हाय रे! माझ्यापेक्षा भारी.”

रंगनाथला भडभडून आलं. आजवरचं सगळं बोलून टाकावं, मोकळं व्हावं, असं वाटलं. “नियाज, तुला खरं सांगतो. दोन वर्षं मी रोज तुझ्याकडे बघून…”

“तोंड वाकडं करतोस. ठाऊक हाय मला.”

“ठाऊक आहे?”

“सगळ्यांना ठाऊक हाय. दाढ दुखती तुझी. खुर्शीद तर तुझ्यासाठी खिम्यात लवंग जास्त घालती.”

तेवढ्यात सहादेवराव आले. “रंगनाथ, तीन महिन्यांनी टूलरूमला आणखी येक जागा निघतीय. तुझा हात चांगला हाय, नंबर तुझाच. पण आधी ती दाढ काढून घे. दुखणं घेऊन बारीक काम व्हत न्हाई. काढल्याशिवाय नाव पाठवायचा न्हाई मी.”

आता सांगा, चारजणांसमोर काय म्हणायचं? ‘साहेब, दाढ ठणठणीत आहे, मी फक्त जळत होतो’?

घरी येऊन बायकोला विचारलं. ती म्हणाली, “घड्याळ गेलं. आता दाढंनं जागा मिळत असंल तर जाऊ द्या दाढ. बत्तीस हायती.”

माळीवाड्यातल्या दाताच्या डॉक्टरांकडे नियाज स्वतः घेऊन गेला. हात धरायला माणूस हवा म्हणून. डॉक्टरांनी आत आरसा घालून बघितलं, खाली बघितलं, वर बघितलं. “अहो, सगळ्या उत्तम आहेत. कोणती दुखते?”

“ही,” रंगनाथने बोट लागलं ती दाखवली. “काढा, साहेब.”

“नक्की?”

“काढा!”

निघाली. सहज नाही निघाली, निरोगी होती ना. कापसाचा बोळा तोंडात धरून रंगनाथ डोळ्यांतलं पाणी पुसत बसला. डॉक्टरांनी हात धुतले आणि सहज नियाजला म्हणाले, “तुम्ही पण बघू, आ करा.” नियाजने आ केला. डॉक्टर खूश झाले. त्यांनी कंपाउंडरला हाक मारली. “इकडे ये, हे बघ! चाळीस वर्षांत असे दात पाहिले नाहीत. एक डाग नाही, एक फट नाही. दात असावेत तर असे!”

खुर्चीत रंगनाथने जबडा आवळला. डोळे बारीक केले.

नियाज घाईघाईने पुढे आला. “डॉक्टरसाहेब, थांबा! परत तेच तोंड केलं यानं. चुकीची काढली वाटतं. दुसरी बघा.”