सतरंजीसकट

सुमतीबाईंच्या घरात क्रोशाचं विणलेलं काही अंगावर नसलेली एकच मोठी वस्तू म्हणजे त्यांचे यजमान मांगीलालशेठ. टीव्हीला झालरीचा पडदा होता, गॅसच्या सिलिंडरला परकर होता आणि फोनला असं घट्ट झबलं होतं, की घंटी वाजली तर ती शेजारच्या घरात वाजतेय असं वाटे. मंचरच्या बाजारपेठेत शेठचं कापडाचं दुकान, त्यामुळे तुकड्यांना तोटा नव्हता आणि सुनेमुळे दुपारला काम नव्हतं. या दोन गोष्टी जमल्या की महिला मंडळ निघतंच. सत्त्याण्णव साली ‘सुईदोरा भगिनी मंडळ’ निघालं आणि सुमतीबाई अर्थातच अध्यक्ष झाल्या.

मंडळाचा नियम एकच होता. कुणाच्याही हातकामाला नावं ठेवायची नाहीत, फक्त उत्तेजन द्यायचं. जी नावं ठेवील तिने उठून सगळ्यांसाठी चहा करून आणायचा. हा नियम सुनेच्या म्हणजे हर्षाच्या टेबलक्लॉथवरून झाला. तो गोल विणता विणता कडेने वर वळायला लागला, तेव्हा सगळ्याजणी म्हणाल्या, “धुतल्यावर बसेल.” धुतल्यावर तो आणखी उठला. शेवटी तो खरबुजावर झाकण म्हणून ठेवला, आणि खरबुजावर किती शोभतो म्हणून त्याचंही कौतुक झालं.

मंडळात खरी गोधडी शिवता येणारी बाई एकच होती, आणि ती मंडळात नव्हती. तळेघरची साळुबाई सुमतीबाईंकडे धान्य निवडायला आणि वरकामाला होती. आठव्या वर्षापासून तिने गोधड्या शिवल्या होत्या. म्हणून भगिनींनी तिला सुयांत दोरा ओवायचं काम दिलं होतं.

मार्च महिन्यात पुण्याच्या एका हस्तकला संस्थेच्या अध्यक्षा कुमुदताई येणार असं पत्र आलं आणि सुमतीबाईंची झोप उडाली. ही संस्था दरवर्षी एकच मंडळ निवडून पुण्याच्या प्रदर्शनात बसवी. गेल्या वर्षी नारायणगावचं मंडळ बसलं होतं. तेव्हापासून नारायणगावच्या बायका मंचरला बटाटे घ्यायला आल्या तरी पुण्याच्याच गोष्टी सांगत. “यंदा आम्ही नाही गेलो, तर मंडळाला कुलूप लावीन,” असं सुमतीबाई भर बाजारात बोलून बसल्या होत्या. ऐकायला नारायणगावच्या चौघी होत्या. आता माघार घ्यायला वाट नव्हती.

शालीऐवजी आपल्या हातची गोधडी देऊन सत्कार करायचा असं ठरलं. कार्यक्रम भैरवनाथाच्या सभामंडपात, चार वाजता. बसायला भजनी मंडळाच्या नऊ सतरंज्या सांगितल्या होत्या. त्या आदल्या दिवशीच सुमतीबाईंच्या ओसरीवर येऊन पडल्या.

सकाळी सहा भगिनी अर्धी राहिलेली गोधडी पुरी करायला बसल्या. साळुबाईने गोधडी उघड्या फरशीवर अंथरली. पण शहाबादी फरशी गार, आणि भगिनींचे गुडघे नाजूक. सुमतीबाईंनी ओसरीवरून सगळ्यांत छोटी सतरंजी आणून गोधडीखाली सारली. तिच्यावर ऑइलपेंटने मधोमध लिहिलं होतं, ‘कै. म्हातारबा यांचे स्मरणार्थ’. म्हातारबा म्हणजे भजनी मंडळाच्या गेणभाऊंचे वडील. कैलासवासी माणसावर बसणं बरं दिसत नाही, म्हणून सुमतीबाईंनी अक्षरं खाली केली. माणुसकी त्यांच्यात होती.

गोधडी सतरंजीपेक्षा चारी बाजूंनी वीतभर मोठी होती. त्यामुळे कडेच्या ओळी सरसर शिवून झाल्या. मग बायका आत सरकल्या आणि सुया अडायला लागल्या.

“बाई, मी काय म्हंते,” साळुबाई म्हणाली, “ती खालची—”

“साळुबाई, नियम काय आहे?” सुमतीबाईंनी बोट वर केलं. “नावं ठेवायची नाहीत. जा, चहा टाक.”

साळुबाई चहा टाकायला गेली. तलाठ्याची बायको लंकाबाई मंडळाची सेक्रेटरी होती. तिची सुई मोडली तशी ती रडकुंडीला आली. “माझ्याकडून नाही होत हो. सुई आत जातच नाही.”

“होतंय, लंकाताई!” सुमतीबाई म्हणाल्या. “कलेत आत आत जावं तशी ती अवघड होतेच. टीव्हीवर विणकाम शिकवणाऱ्या बाई तेच सांगतात.”

“खरंच, किती एकसारखे टाके आलेत तुमचे!” बाकीच्या म्हणाल्या. टाके खारीने पळता पळता घातल्यासारखे होते.

अकरा वाजता सुया संपल्या. दुकानातून पोती शिवायचे दाभण आले. साळुबाईने दोन्ही हात जोडले. “बाई, गोदडीला दाभान लागत न्हाई वो. कुटं तरी—”

“चहा!”

बारा वाजता हर्षाने पक्कड आणली. एकीने दाभण खुपसायचा, दुसरीने पकडीने ओढायचा आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, अशी पद्धत बसली. बोटं सोलली, पण उत्साह असा की विचारू नका. साळुबाईने दुपारपर्यंत पाच वेळा चहा केला. पाचव्या वेळेनंतर तिने बोलायचंच सोडलं. ती नुसती पदराआडून बघत बसली.

तीन वाजता शेवटचा टाका पडला. “उचला गं!” सुमतीबाई म्हणाल्या. दोघींनी उचलून पाहिली, मग चौघींनी उचलली. गोधडी वर आली आणि तिच्याबरोबर कै. म्हातारबाही वर आले.

मंडळाच्या नियमात बसेल असं बोलण्यासारखं काही नव्हतंच.

“साळुबाई, तुला दिसत होतं?” सुमतीबाईंचा आवाज फाटला. “मग सांगितलं का नाहीस?”

“पाच डाव च्या केला की, बाई.”

उसवायला दोन दिवस लागले असते आणि हातात तास होता. सुमतीबाईंच्या डोळ्यांपुढे नारायणगाव उभं राहिलं. पण बाई खमकी. “घडी घालून द्यायची. अक्षरं आत. मागची बाजू कोण बघतंय?”

“छानच झालीय तशी,” हर्षा म्हणाली. “भरीव वाटते.”

सभामंडपात गेणभाऊ सतरंज्या मोजत उभे होते. “आठच हायेत. नववी कुटं गेली, वैनी? माज्या बा’ची हाय ती. तिला काय झालं तर मी ह्यो कार्यक्रम व्हऊ द्येनार न्हाई.”

“आहे हो, भाऊ. आपल्यातच आहे,” सुमतीबाई म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

कुमुदताई आल्या, खादीची साडी आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. भाषण झालं. हातकामाला कधी हिणवू नये, असं त्याही म्हणाल्या आणि भगिनींनी माना डोलावल्या. मग सत्कार. सुमतीबाई घडी पुढे करणार, एवढ्यात माइकवर लंकाबाईला उत्साह आला. “आता अध्यक्षा पाहुण्यांना गोधडी पांघरून सत्कार करतील!”

नारायणगावच्या चौघी पहिल्या ओळीत टक लावून बसल्या होत्या. पांघरावीच लागली. हर्षाने एक टोक धरलं, सुमतीबाईंनी दुसरं, आणि गडबडीत घडी उलटी उलगडली. मार्चच्या उकाड्यात ते ओझं खांद्यावर पडलं तशा कुमुदताई दोन बोटं खाली गेल्या. “काय ऊब आहे हो!” त्या म्हणाल्या. घाम कानशिलावरून ओघळत होता. आणि सुमतीबाई “खुर्चीवर बसा, ताई” म्हणेपर्यंत त्या भक्तिभावाने गाभाऱ्याकडे वळल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांची पाठ लोकांकडे झाली.

पाठीवर, वीतभर अक्षरांत, कै. म्हातारबा.

सुमतीबाईंनी डोळे मिटले. मंडळाला लावायचं कुलूप त्यांना दिसायला लागलं.

मागून गेणभाऊंचा आवाज आला, “बा!” भांडायच्या तयारीने आलेला तो माणूस टोपी काढून, हात जोडून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. म्हातारबाने तीस वर्षं त्याच मंडपात मृदंग वाजवला होता. भजनी मंडळ उभं राहिलं. त्यांच्या बायका उभ्या राहिल्या. सगळे उभे असताना बसून राहणं बरं दिसेना, म्हणून नारायणगावही उभं राहिलं.

कुमुदताई वळून बघतात तो सगळा मंडप हात जोडून उभा. “इतका मान मला पुण्यात कधी मिळाला नाही,” एवढंच त्या बोलू शकल्या आणि गोधडी मोटारीत घालून निघून गेल्या. सत्काराची वस्तू परत कशी मागणार?

सुमतीबाई गेणभाऊंसमोर मान खाली घालून उभ्या राहिल्या. गेणभाऊंनी डोळे पुसले. “ऱ्हाऊ द्या, वैनी. बा पुन्याला ग्येला, मोटारीत बसून. जित्तेपनी यष्टीतबी बसला न्हवता.”

पंधरा दिवसांनी पत्र आलं. ‘आपल्या मंडळाची निवड झाली आहे. हुबेहूब तशाच पंचवीस गोधड्या पाठवाव्यात. तेवढ्याच भरीव, आणि पाठीवर दिवंगतांच्या स्मरणाची ती हृद्य ओळ अवश्य असावी.’ सुमतीबाईंनी पत्र बाजारात तीन वेळा वाचून दाखवलं. त्यातल्या दोन वेळा नारायणगावच्या बायका ऐकायला होत्या.

सतरंज्यांची चिंता मात्र करावी लागली नाही. गेणभाऊंनी ती बातमी गावभर केली आणि ज्याचं त्याचं गेलेलं माणूस पुण्याला निघालं. शिनोलीहून ठमाबाई सासऱ्यांच्या नावाची सतरंजी घेऊन आली. सासरे हयात होते, पण नंबर लावून ठेवलेला बरा, असं तिचं म्हणणं. आणि सतरंजीतून दाभण सफाईने काढणारी बाई पंचक्रोशीत एकच असल्यामुळे साळुबाई आता गोधडीच्या मधोमध बसू लागली. सुयांत दोरा लंकाबाई ओवी.

सातव्या गोधडीला सुमतीबाईंचा अंगठा सुजून लिंबाएवढा झाला. अजून अठरा शिल्लक होत्या. त्यांनी पक्कड खाली टाकली. “बंद करा गं हे! ही काय गोधडी आहे? ना पांघरायला, ना अंथरायला. गाढवाच्या पाठीवर टाकायची वस्तू आहे ही!”

साळुबाईने टाका ओढला, दोरा दाताने तोडला आणि वर पाहिलं.

“बाई, नावं ठिवली तुमी.”

सुमतीबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. सुनेने मान खाली घातली, पण ती शिवणात गढली होती म्हणून नव्हे. शेवटी सुमतीबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि स्वयंपाकघराकडे वळल्या.

“वसरीवर सतरंज्या मोजत्यात त्या गेनभाऊचाबी कप धरा,” साळुबाईने मागून सांगितलं. “आन साखर जरा हात मोकळा सोडून घाला. बाकी तुमचं लई छान चाललंय.”