सत्तारचाचांची हातोड्याची खोळ

शेजाऱ्याची झोप मोडू नये म्हणून हातोड्याला गोधडीची खोळ शिवणारा माणूस अख्ख्या जालन्यात एकच, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. सत्तारचाचा. हयात शिंपीकामात गेलेली. त्यांच्याकडे कामाला आलेल्या मिस्त्रीने खोळीसकट चार ठोके मारले, गोधडीच्या चिंध्या उडाल्या आणि पाचवा ठोका थेट माझ्या उशाशी आला.

मी सळईच्या कारखान्यात रात्रपाळीला असतो. सकाळी येऊन आडवा झालो की चाचांच्या घरावर नव्या खोलीचं काम सुरू व्हायचं. विटा, घमेली, फरशी कापायचं मशीन. त्यातूनही डोळा लागलाच, तर चाचा गल्लीत उभं राहून मजुरांवर ओरडायचे, "आवाज न्हाई पायजे बिलकुल. आमचा सुनील झोपून राह्यला." सगळी गल्ली जागी व्हायची, त्यात सुनीलही.

मग दार वाजायचं.

"बेटा, झोप बराबर लागली का?"

"लागली होती, चाचा."

"मंग ठीक. तेच इचारायला आल्तो."

एकदा तर टेप घेऊन आले. माझ्या खिडकीला जाड काळा पडदा शिवायचा होता, आणि माप मला उठवल्याशिवाय कसं घेणार? मी पलंगावर बसून टेपचं दुसरं टोक धरलं. मनात काय काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिकडे कारखान्यात माझे वांधे झाले. तापलेल्या सळया समोरून सरकत असताना डोळे मिटले. सुपरवायझरने मागे ओढलं आणि बजावलं, पुन्हा डुलकी दिसली तर कायमचा घरीच झोप. मी तावातावाने चाचांकडे गेलो. ऐकून त्यांचा चेहरा एवढासा झाला.

"पोरींसाठी चाल्लंय बेटा. आष्टीला दिलेली अन् कुंभार पिंपळगावची, दोघी संगं आल्या की जागा पुरत न्हाई. जल्दी संपवतो."

खरंच संपवलं. मजूर गेले, मशीन गेलं. काळ्या पडद्याआड मी मेल्यासारखा झोपू लागलो. आणि एका दुपारी आपोआप जाग आली. दार वाजलं नव्हतं. कितीतरी दिवसांत वाजलं नव्हतं. या कुशीवरून त्या कुशीवर झालो, पण छे. शेवटी उठून मीच चाचांचं दार वाजवलं.

"वर ये, उघडंच हाय."

नव्या खोलीत चाचा एकटेच बसले होते. दोन गाद्या, त्यांना नव्या खोळी, एकीलाही सुरकुती नाही. पोरी अजून आल्या नव्हत्या.

"तुम्ही येत नाही आजकाल, चाचा?"

"काम संपलं ना बेटा. आता तुझं दार काय म्हणून वाजवू?"

सुपरवायझर आठवला, तरी बोलून गेलो, "आमच्या मोरीची फरशी हलतेय. उखडून नवी बसवावी म्हणतो. मिस्त्री तुमच्या ओळखीचा आणा, अन् उभं राहून करून घ्या."

फरशी चांगली घट्ट आहे.

"अन् तुझी झोप?"

"तुम्ही याल की विचारायला."

चाचा उठले आणि कपाटातून जुन्या गोधड्या काढू लागले. या खेपेला हातोड्याची खोळ दुहेरी होणार होती.