यादीतला सतरा नंबर

काकासाहेबांनी तीस वर्षं छावणीतल्या एका शाळेचं ग्रंथालय सांभाळलं. निवृत्तीनंतर पुस्तकं हातची गेली, पण यादी करायची खोड काही गेली नाही. आता त्यांच्या फोनात बावीस फीड होते: धरणाची पातळी, हवामान, कापसाचा भाव, कुणाकुणाचे ब्लॉग. तिकडे नवं काही लिहिलं गेलं की इकडे फोन वाजायचा. सतरा नंबरला होता खंडेराव टँकरवाला. विहिरीवरून टँकर भरला की तो आपल्या पानावर 'निघालो' असं टाकायचा. ते पान काकासाहेबांनीच त्याला काढून दिलं होतं, आणि कॉलनीत त्या पानाचा पत्ता फक्त त्यांनाच ठाऊक होता. म्हणून तर ऐन दुष्काळात त्यांचे ड्रम रांगेत पहिले असायचे.

एक दिवस शेजारच्या गोजरबाई म्हणाल्या, "तुमची ती यादी आमाला बी द्या की. पर माझा फोन लई जुना हाय."

काकासाहेबांची कळी खुलली. "कसला बी असू द्या. एका फाइलीत सगळी यादी येते, कुठल्या बी ॲपात उघडते. कुण्या कंपनीची मेहरबानी नाय लागत."

त्यांनी यादी थेट कॉलनीच्या ग्रुपवर टाकायला घेतली. मनकर्णाबाईंनी चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. "आधी तो सतरा नंबर काढा. बुधवारी आपल्या मंजूला बघायला पाहुणे येणारेत. टँकर हुकला तर चहाला बी पाणी नाय."

"अन् सोळानंतर एकदम अठरा? यादीला भोक पाडू का?"

"मग खालचे वर सरकवा."

"नंबर हलवलेली यादी म्या जन्मात कुणाला दिली नाय. तू निवांत राहा. यादी शेवटपर्यंत वाचणारा वाचक म्या अजून पाहिला नाय."

हे खरंच होतं. पण इथं वाचायची गरजच नव्हती, ते काम फोन करत होते. बुधवारी सकाळी 'निघालो' आलं आणि सगळ्या कॉलनीचे फोन एकदम वाजले. काकासाहेब सवयीनं चहा संपवून, सावकाश ड्रम ढकलत कोपऱ्यावर आले. पुढं एकतीस ड्रम होते आणि पहिला गोजरबाईंचा. त्यांची पाळी आली तेव्हा पाइपातून नुसती हवा निघाली.

पाहुणे अकराला येणार होते आणि काकासाहेब उपड्या ड्रमवर बसून होते. लाजेनं त्यांना मान वर करवत नव्हती.

तेवढ्यात कमरेवर हंडा घेऊन गोजरबाई आल्या. मागं अख्खी गल्ली, कुणाच्या हातात कळशी, कुणाच्या बादली. "सरका तिकडं," त्या म्हणाल्या. "पोरीचा कार्यक्रम हाय, अन् ड्रमावर काय बसलाव? तुमच्यामुळं आज पैल्यांदा आमाला पानी गावलं."

दोन्ही ड्रम काठोकाठ भरले. पाहुण्यांनी दोनदा चहा घेतला आणि मंजुषाला पसंत करून गेले.

संध्याकाळी काकासाहेबांनी भीत भीत विचारलं, "गोजरबाई, बाकीचे एकवीस वाचता का?"

"नाय बा. फोनात जागा नव्हती. सतरा ठेवला, बाकी समदे काढले. समद्यांनी तसंच केलं."

काकासाहेब स्वतःशीच हसले. तीस वर्षांत त्यांच्या यादीतल्या एखाद्या नंबरासाठी सकाळी सकाळी रांग लागलेली त्यांनी आजच पाहिली होती.