ढोल्या वाळला

ढोल्याचं वजन पुन्हा उतरलं, तेव्हा थोरलीने वजनकाटाच उलटा करून पाहिला. काटा ठीक होता. ढोल्या हा माळरानावरचा उंदीर. नुसत्या वाळक्या गवतावर हे उंदीर गुबगुबीत कसे राहतात, यावर तिचं संशोधन चाललं होतं. प्रयोगशाळेचं छत गळू लागलं म्हणून तिने पिंजरे घरी आणले आणि टुणटुणीत उंदीर भराभर वाळू लागले. सोमवारी तिच्या मार्गदर्शक मॅडम घरी येऊन वजनं तपासणार होत्या. तोवर उंदीर सावरले नाहीत, तर ते माळावर सोडून सगळं काम पहिल्यापासून!

थोरलीने कंबर कसली. आधी तिने त्याच माळावरून ताज्या गवताचं पोतं आणलं. फरक शून्य. मग गोंगाट नको म्हणून टीव्ही बंद केला.

"माझी मालिका बुडाली की उंदीर जाड होणार का गं?" आई कडाडली.

शेवटी थोरली पिंजऱ्यासमोर फतकल मारूनच बसली. ढोल्याने पोटभर गवत खाल्लं, मागे वळला, खाली हुंगलं आणि ताटात काही वाढायचं राहून गेल्यासारखा तिच्याकडे बघत राहिला. तिने वाकून पाहिलं. पिंजऱ्याला तळच नव्हता! तिथे जाळी, जाळीखाली उतरता पत्रा, पत्र्याखाली बादली.

"बाबा! हे काय केलंत?"

"आवडलं ना?" बाबांची छाती फुगली. त्यांचा सगळा जन्म प्लंबिंगमध्ये गेलेला. "लेंडी पडली की थेट बादलीत. तुमच्या प्रयोगशाळेत आहे का अशी सोय?"

"अहो, ते जेवण आहे त्यांचं!"

"काय?"

"गवत चिवट असतं, बाबा. ते लहान आतडं संपल्यावरच्या पिशवीत आंबतं, तेव्हा त्यातला कस सुटतो. पण कस शोषणारं आतडं तर मागेच राहिलं! म्हणून ते लेंडी परत खातात. दुसऱ्या फेरीत अंगी लागतं. दाणे खाणाऱ्या उंदरांची पिशवी लहान, त्यांचं एवढं अडत नाही."

"शी! माझ्या घरात दुसरी फेरी चालणार नाही. आणि बसवलेलं काम मी कधी उचकटलेलं नाही."

"मग मीही इथून हलणार नाही." थोरलीने पान्हा त्यांच्यापुढे धरला, तो धरूनच ठेवला.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, काल दुपारी कोबीची भाजी नको म्हणून सरकवलीत ना?"

"मग?"

"आणि रात्री मिटक्या मारत कटलेट खाल्लीत, ती कशाची होती?"

बाबांचा आ वासलेलाच राहिला. "म्हणजे... नेहमीच?"

"लग्न झाल्यापासून. लागलं ना अंगी?"

बाबांनी पोटावरून हात फिरवला. पोट पुराव्यासारखं पुढे आलेलं होतं. त्यांनी निमूटपणे पान्हा घेतला.

सोमवारी ढोल्या काट्यावर बसला आणि आकडा वर सरकला. मॅडम खूश होऊन गेल्या, थोरली सुखाने जेवायला बसली. आईने बाबांपुढे वाफाळतं सूप ठेवलं. बाबांनी चमचा बुडवला, सूप हुंगलं आणि हळूच विचारलं,

"ही कितवी फेरी?"